लेओव्हर, स्टॉपओव्हर, ट्रान्झिट: तिकिटावरच्या थांब्याचे खरे नियम

प्रश्न थोडक्यात असा: कराडचे एक जोडपे मुलाकडे डॅलसला निघाले आहे. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. मोबाईलवर तिकीट बघताना ‘लेओव्हर २२ तास ४० मिनिटे, फ्रँकफर्ट’ असे दिसते. एजंटाने पाठवलेल्या कागदावर त्याच जागी ‘ट्रान्झिट’ लिहिले आहे, आणि विमान कंपनीच्या जाहिरातीत ‘स्टॉपओव्हर’. हे तिन्ही एकच का? एवढ्या वेळात शहर बघून येता येईल का? वेगळा व्हिसा लागेल का, आणि बॅगा कुठे मिळतील?

शब्दांचा निकाल पटकन लागतो. एक विमान सोडून दुसरे धरेपर्यंत मधल्या विमानतळावर जो वेळ जातो तो लेओव्हर. हा अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. बुकिंगच्या वेबसाइटी तो वापरतात, कारण गिऱ्हाईकाला तो समजतो. भाड्याचे नियम मात्र दोनच गोष्टी ओळखतात, कनेक्शन आणि स्टॉपओव्हर. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या गावी २४ तासांपेक्षा जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर, त्याच्या आत निघालात तर कनेक्शन. अमेरिकेच्या देशांतर्गत प्रवासात हीच रेघ चार तासांवर आहे. ब्रिटिश माणूस बोलताना तीन तासांच्या थांब्यालाही स्टॉपओव्हर म्हणून जातो, आणि आपल्याकडे तर सरसकट ‘दुबईला हॉल्ट आहे’ म्हणतात. बोलायला काहीच हरकत नाही. पैसे मोजताना मात्र ती रेघच बघतात.

ट्रान्झिट हा शब्द वेळेचा नव्हेच. तो तुमचा त्या देशातला दर्जा सांगतो: तुम्ही तिथे आलेले नाही, फक्त तिथून पुढे चाललेले आहात. व्हिसाच्या कायद्यात हा शब्द येतो. त्यामुळे तुमचा २२ तास ४० मिनिटांचा थांबा वेबसाइटच्या भाषेत लेओव्हर, भाड्याच्या हिशोबात कनेक्शन आणि जर्मनीच्या लेखी ट्रान्झिट, असा एकाच वेळी तिन्ही आहे. पण व्हिसा, बॅग, चुकलेले विमान यांतल्या एकाचेही उत्तर या शब्दांत सापडत नाही. ते सापडते तीन गोष्टी तपासल्यावर: सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का, मधल्या देशाचे इमिग्रेशन ओलांडावे लागते का, आणि बॅगेची चिठ्ठी कुठपर्यंतची आहे.

सुरुवात तिकिटापासून करू, कारण जास्तीत जास्त माणसे इथेच फसतात. वेबसाइटचा बुकिंग क्रमांक म्हणजे तिकीट नव्हे. सहा अक्षरी पीएनआर म्हणजेही तिकीट नव्हे. एकाच पीएनआरखाली दोन वेगळी तिकिटे असू शकतात. बघायचा असतो तो १३ आकडी ई-तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे: लुफ्थान्सा २२०, एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६. जाण्यायेण्याच्या चारही टप्प्यांसमोर तोच एक क्रमांक असेल तर तिकीट एक. एका तिकिटात चारच टप्पे बसतात. पाचवा टप्पा असला की लगतचा पुढचा क्रमांक जोडून येतो, तेही एकच तिकीट धरतात. पण मुंबई–फ्रँकफर्टसमोर एक क्रमांक आणि फ्रँकफर्ट–डॅलससमोर भलत्याच आकड्यांनी सुरू होणारा दुसरा क्रमांक दिसला, तर ती दोन स्वतंत्र तिकिटे आहेत. स्वस्त तिकिटे दाखवणाऱ्या वेबसाइटी त्याला ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे गोंडस नाव देतात आणि ते बारीक अक्षरांत लिहितात.

फरक काय पडतो? एका तिकिटावर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे सुटले, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवून डॅलसला पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी. दोन तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त गैरहजर प्रवासी. तिकीट जाते, आणि त्याच तिकिटावर परतीचा टप्पा असेल तर तोही आपोआप रद्द होतो. शिवाय बॅग पहिल्या तिकिटाच्या शेवटापर्यंतच जाते. ती घ्यायला बाहेर यावे लागते, बाहेर यायला इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागतो. दहा-बारा हजार वाचवायला जाऊन सगळा प्रवास पाण्यात जातो तो असा.

सांगली-साताऱ्याच्या लोकांसाठी यात एक खास खोच आहे. कोल्हापूर–मुंबई विमानाचे तिकीट वेगळे काढून रात्रीचे परदेशी विमान धरायचा बेत बरेच जण आखतात. तोही सेल्फ ट्रान्सफरच. सकाळच्या धुक्याने किंवा पावसाने ते छोटे विमान रद्द झाले तर परदेशी कंपनीला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. असे करायचेच असेल तर मध्ये किमान आठ-दहा तास ठेवा, म्हणजे विमान रद्द झाल्याचे कळताच गाडी काढून रस्त्याने तरी पोहोचता येते.

याच्या उलट, पुण्याहून दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर निघालात तर बॅग पुण्याला दिली की सहसा थेट परदेशात मिळते, आणि इमिग्रेशनचा शिक्का दिल्लीला पडतो. येताना मात्र तसे नाही. परदेशातून येणाऱ्याने भारतात जिथे पहिले पाऊल ठेवले तिथेच साधारणपणे इमिग्रेशन आणि कस्टम्स होतात. दिल्लीला बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून बाहेर न्यायची आणि पुण्यासाठी पुन्हा काउंटरवर द्यायची. जाताना दोन तासांचे कनेक्शन चालते म्हणून येतानाही दोन तासांचेच घेतले, तर धावपळ ठरलेली. येताना चार तास धरा.

याच तिकिटात आणखी एक फास आहे. पुण्याहून निघणारे तिकीट काढले आणि ऐनवेळी ‘दिल्लीला काम आहे, तिथूनच बसू’ असे ठरवले, तर दिल्लीला काउंटरवर तिकीट रद्द झालेले सापडते. टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला गाळला की मागचे सगळे जातात.

आता २४ तासांच्या रेघेकडे. ई-तिकिटाच्या तळाशी भाड्याच्या हिशोबाची एक गिचमिड ओळ असते, ती कुणी वाचत नाही. तुमच्या तिकिटावर ती साधारण अशी दिसेल: बीओएम (मुंबई), एलएच (लुफ्थान्सा), मग एक्स, तिरकी रेघ, एफआरए (फ्रँकफर्ट), पुन्हा एलएच, डीएफडब्ल्यू (डॅलस). त्यातला तो ‘एक्स’ महत्त्वाचा. एक्स म्हणजे या गावी फक्त विमान बदलायचे आहे, थांबा दिलेला नाही. तो एक्स नसेल तर तिथे स्टॉपओव्हर धरला आहे. एक्स असला की मुंबई ते डॅलस हे एकच सलग भाडे लागते. तो गेला की भाड्याचे नियम बदलतात: काही भाड्यांत स्टॉपओव्हर फुकट बसतो, काहींत ठरलेली रक्कम पडते, आणि सर्वांत स्वस्त भाड्यांत बहुतेक वेळा परवानगीच नसते, मग पूर्ण भाडे नव्याने निघते. म्हणूनच वेबसाइटवर २२ तास ४० मिनिटांचा पर्याय स्वस्त आणि त्याच मार्गाचा २६ तासांचा पर्याय एकदम महाग दिसतो. सीट त्याच, विमाने त्याच जातीची. मध्ये फक्त ती रेघ ओलांडली गेलेली असते. ब्रिटनमध्ये तर सरकारी करही त्यावर ठरतो. लंडनहून २४ तासांच्या आत पुढे निघालात तर तिथला प्रवासी कर लागत नाही, जास्त थांबलात तर लागतो.

मुद्दाम स्टॉपओव्हर घ्यायचा असेल, म्हणजे येताना दुबईला तीन दिवस उतरून मग मुंबई, तर ‘रिटर्न’ शोध सोडून ‘मल्टी-सिटी’ निवडा: मुंबई–डॅलस, डॅलस–दुबई, दुबई–मुंबई, तिन्ही एकाच शोधात. एमिरेट्स, कतार, सिंगापूर, टर्किश या कंपन्या स्वतःच्या गावी प्रवासी थांबावा म्हणून हॉटेलच्या सवलती देतात. जाहिरातीतला ‘स्टॉपओव्हर’ तो हा. तो घेतला की बॅगही तुमच्याबरोबर बाहेर येते, हे विसरू नका. कनेक्शनमध्ये बॅग पुढे जाते, स्टॉपओव्हरमध्ये ती तिथेच हातात पडते.

(आपल्या रेल्वेतही ही सोय आहे, फक्त हल्ली कुणी मागत नाही. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर पहिले ५०० किलोमीटर पार झाल्यावर एकदा उतरून दोन दिवस थांबता येते, १००० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर दोनदा. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला जाणारा माणूस भोपाळला उतरून सांची बघून त्याच तिकिटावर पुढे जाऊ शकतो. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हे लागू नाही, आणि उतरल्यावर तिकिटावर स्टेशन मास्तरची नोंद करून घ्यावी लागते.)

व्हिसाचा भाग देशागणिक बदलतो, म्हणून तुमच्या मार्गापुरते आधी. अमेरिकेला जाताना फ्रँकफर्टला नुसते विमान बदलणे म्हणजे विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिट भागातच राहणे. इमिग्रेशनकडे जायचेच नाही. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवून एकच व्हिसा चालवणारा युरोपीय देशांचा गट, जर्मनी त्यातलीच. त्यातल्या काही देशांनी भारतीय पासपोर्टवर यासाठीही ‘एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा’ लावलेला आहे, पण शेंगेनच्या सामाईक व्हिसा नियमातच एक सूट आहे: अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर हा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तुम्हा दोघांकडे तो आहे. त्यामुळे व्हिसा नको. मात्र जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत गेलेला जुना पासपोर्ट काउंटरवर दाखवता येत नाही.

शहर बघायचे असेल तर ही सूट उपयोगाची नाही. दारातून बाहेर पाऊल टाकायला शेंगेनचा साधा ‘सी’ प्रकारचा व्हिसा लागतो, अमेरिकेच्या व्हिसावर फ्रँकफर्ट उघडत नाही. म्हणजे तुमचे २२ तास ४० मिनिटे विमानतळाच्या खुर्च्यांवर जाणार. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांच्या नियमित उड्डाणांना बंदी आहे, त्या वेळात दुकाने आणि खाण्याच्या जागाही जवळपास बंदच असतात. टर्मिनल १ च्या आत ट्रान्झिट प्रवाशांसाठी एक छोटे हॉटेल आहे. खोल्या मोजक्या, आधी बुक केल्याशिवाय मिळणे कठीण. साठीच्या पुढच्या माणसांनी हा पर्याय पंधरा-वीस हजार वाचत असले तरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अडीच ते चार तासांचे कनेक्शन शोधा.

सर्वांत महागात पडणारी चूक इथून पुढे आहे: शेंगेनमधल्या दोन विमानतळांवरून जाणारा मार्ग. मुंबई–फ्रँकफर्ट–माद्रिद–डॅलस असे तिकीट स्वस्त दिसते म्हणून घेतले जाते. फ्रँकफर्ट ते माद्रिद हा शेंगेनच्या लेखी घरातल्या घरातला प्रवास. त्या विमानात बसायला फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि त्यासाठी ‘सी’ व्हिसाच हवा. तिकीट एक असो, बॅग थेट जात असो, अमेरिकेचा व्हिसा असो, काही उपयोग नाही. आणि हे फ्रँकफर्टला नव्हे, मुंबईच्या काउंटरवरच कळते. तिथला कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या यादीत तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग टाकून बघतो. त्यात बसत नसेल तर बोर्डिंग पास निघत नाही. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिथे विनवण्या चालत नाहीत.

लंडनमार्गे गेलात तर भारतीयांना विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असल्यास त्यातून सूट मिळते. टोरांटोमार्गे मात्र जपून. कॅनडात अमेरिकेचा व्हिसा कामाला येत नाही. भारतीय पासपोर्टवर फक्त विमान बदलायलाही कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. ४८ तासांपर्यंतच्या या व्हिसाला फी नाही, पण अर्ज करायला लागतो आणि वेळ जातो. दुबई, अबू धाबी, दोहा इथे आतल्या आत बदलायला व्हिसा नको. अमिरातीत बाहेर पडायचे असेल तर विमान कंपनीमार्फत ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आणि ९६ तासांचा ५० दिरहमला मिळतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असणाऱ्या भारतीयाला तिथे उतरल्यावरही व्हिसा मिळतो.

अमेरिकेत ट्रान्झिट नावाची सोयच नाही. मेक्सिकोला जाणारा माणूसही ह्यूस्टनला विमान बदलताना पूर्ण इमिग्रेशनमधून जातो आणि त्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि मुंबई–नेवार्क–डॅलस असा मार्ग असेल तर बॅगेच्या चिठ्ठीवर डॅलस लिहिलेले असले तरी ती नेवार्कला पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि बाहेर आल्याआल्या पुन्हा सोपवायची. बरेच जण ‘थ्रू बॅग आहे’ म्हणून पुढे निघून जातात आणि बॅग मागे राहते. अबू धाबीहून जाणाऱ्यांना यातून सुटका आहे. तिथेच अमेरिकेचे इमिग्रेशन होते आणि अमेरिकेत उतरताना तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. तुमच्या फ्रँकफर्ट मार्गात डॅलस हेच पहिले आणि शेवटचे अमेरिकी विमानतळ, त्यामुळे हा घोळ नाही.

बॅगेची चिठ्ठी मुंबईत काउंटर सोडण्यापूर्वी वाचायची सवय लावा. लांबोळक्या चिठ्ठीवर सर्वांत ठळक तीन अक्षरे हे शेवटचे गाव: डीएफडब्ल्यू असायला हवे. त्याच्याखाली किंवा वर बारीक अक्षरांत एफआरए, म्हणजे तिथून जाणार. ठळक अक्षरे एफआरए असतील तर बॅग फ्रँकफर्टलाच उतरणार, आणि तुम्हाला बाहेर जाता येत नाही. तिथल्या तिथे सांगून बदलून घ्या. बारकोडखाली दहा आकडे असतात. पहिला सोडून पुढचे तीन विमान कंपनीचे, म्हणजे तिकिटावरचेच २२०. त्याचा छोटा तुकडा बोर्डिंग पासवर चिकटवून देतात. बॅग हरवली तर शोध त्या आकड्यांवरच लागतो, म्हणून लगेच मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही टप्प्यांचे बोर्डिंग पास मुंबईतच मागून घ्या.

बॅगेत काय आहे यालाही मधल्या देशाचा कायदा लागतो, आणि आपल्या भागातून जाणाऱ्यांच्या ध्यानात हे सहसा येत नाही. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते. जर्मनीत खसखशीचे केक दुकानात मिळतात, तिथे प्रश्न नाही. पण अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या मालात आहे. ‘आम्ही दुबईत उतरणारच नाही, नुसते बदलणार’ हा बचाव चालत नाही. ट्रान्झिटचा प्रवासी आणि त्याची बॅग दोन्ही त्या देशाच्या हद्दीतच असतात. दुबईमार्गे जात असाल तर मसाला खसखशीविना कुटा. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. गुडघ्याच्या दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत ते नाव आहे का बघा आणि असेल तर मार्ग ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. तेलकट खोबरे आपोआप पेटण्याच्या जोखमीत धरतात आणि मुंबईतच बॅग उघडून काढून घेतात. सांगलीची हळद चेक-इनच्या बॅगेत घाला. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असली तर वेगळी तपासणी होते आणि समाधान झाले नाही तर ती तिथेच टाकावी लागते. लोणचे, ठेचा, तूप हे सुरक्षेच्या लेखी द्रवपदार्थ. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर नाही. मुंबईत कुणी सोडले तरी फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी आहे. कढीपत्ता आणि ताजी द्राक्षे अमेरिकेत नेता येत नाहीत. बेदाणे, भडंग, मसाले कस्टम्सला विचारल्यावर सरळ सांगा; सांगितलेल्या वस्तूला फार तर टाकून देतात, लपवलेल्या वस्तूला दंड.

साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवर मात्र कनेक्शन आणि स्टॉपओव्हरचा फरक नेमका दिसतो. फ्रँकफर्टला नुसते विमान बदलताना पेढे बॅगेत पुढे जातात, जर्मनीचा त्यांच्याशी संबंध येत नाही. तिथे दोन दिवस उतरलात तर बॅग तुमच्याबरोबर जर्मन कस्टम्समधून बाहेर पडते, आणि युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवासी सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे तिथेच राहतात.

वेळ किती असावा? प्रत्येक विमानतळासाठी ‘किमान कनेक्शन वेळ’ ठरलेला असतो, साधारण ४५ मिनिटांपासून दोन तासांपर्यंत. एका तिकिटात त्यापेक्षा कमी वेळाची जोडी संगणक विकूच देत नाही. पण तो धडधाकट, ओझे नसलेल्या आणि पाट्या वाचता येणाऱ्या माणसाचा वेळ आहे. त्यातही उड्डाणाच्या १५-२० मिनिटे आधी गेट बंद होते आणि अमेरिकेच्या विमानाला गेटवर पुन्हा कागद तपासतात. दीड तासाचे कनेक्शन म्हणजे हातात धड तासभरही नाही.

आईवडिलांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, फार तर ४८ तास आधीपर्यंत. तीन प्रकार असतात: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर, जिनाही जमत नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस, आणि सीटपर्यंत न्यावे लागते त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. नोंद प्रत्येक टप्प्यावर आहे का ते ई-तिकिटावर बघा. पहिल्या टप्प्याला आहे आणि दुसऱ्याला नाही असे होते. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सर्वांत शेवटी उतरवतात, म्हणून त्यांना तीन तास तरी हवेत. इंग्रजीचा धाक असलेल्यांसाठीही ही सोय खरी उपयोगाची. नेणारा माणूस गेटपर्यंत सोडतो.

एवढे करूनही विमान चुकलेच तर विमानतळाबाहेर पडू नका. त्याच कंपनीच्या ‘ट्रान्स्फर डेस्क’वर जा आणि दोघांचे तिकीट एकत्र बदलून मागा. वेगवेगळ्या पीएनआरवर असाल तर हे आवर्जून सांगा, नाहीतर एकाला सकाळचे आणि दुसऱ्याला संध्याकाळचे विमान मिळते. रात्र काढायला कंपनी हॉटेल देते, पण ते बाहेर असेल तर शेंगेन व्हिसाविना तिथे जाता येत नाही, तेव्हा आतली खोली किंवा जेवणाची कुपने मागा.

‘डायरेक्ट’ या शब्दानेही फसगत होते. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक बदलत नाही एवढेच. ते मध्ये उतरू शकते. अजिबात न उतरणारे ते नॉनस्टॉप. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. तो तांत्रिक थांबा होता, लेओव्हर नव्हे. प्रवासी आत बसूनच राहतात, व्हिसा-बॅगेचा प्रश्न येत नाही.

शेवटी तारीख आणि रस्ता. युरोपची विमाने मुंबईहून बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:५५ असेल तर घरून १४ तारखेला निघायचे आहे. १५ च्या रात्री विमानतळावर पोहोचणारे लोक अजून आहेत. कराड ते सहार रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून पावणेचारशेच्या. खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता आणि खंडाळा, तिन्हीकडे एकेक तास अडकण्याचा हिशोब धरून काउंटर उघडण्याच्या वेळी, म्हणजे उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचायचे तर कराडहून दुपारी एकला गाडी हलली पाहिजे. आणि तिकिटावरचा मुंबईचा कोडही बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही चालू आहे. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलवे. एक्स्प्रेस-वेवरून येताना ड्रायव्हरला हे पनवेलच्या अलीकडेच सांगावे लागते.